बाली पाहावी ती हॉटेलच्या दारातून

“सुनंदा, पाय मागं घे! मागं घे म्हनतो ना! खाली बघ, उतारा हाय!”

हे मी तेलगावच्या तिठ्यावर ओरडलो नव्हतो. इंडोनेशिया देशातल्या बाली बेटावर, एका झकपक हॉटेलच्या दारात, सकाळी आठ वाजता ओरडलो होतो. आवाज मुळात मोंढ्यात, धान्याच्या लिलावात कमावलेला. त्या आवाजानं पोहण्याच्या तलावातले दोन गोरे पाण्याखाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत, सरबत घेऊन आलेल्या पोरीनं ते स्वतःच पिऊन टाकलं, आणि खत कंपनीनं सहलीला आणलेले आम्ही चाळीस डीलर आणि आमच्या चाळीस बायका, सगळे एक पाय हवेत धरून जागच्या जागी थांबले. फक्त माझी बायको थांबली नाही. तिनं खाली पाहिलं, त्या वस्तूच्या शेजारी पाऊल टाकलं आणि पलीकडं जाऊन उभी राहिली.

हसायचं तर हसा. मी माझ्या मतावर तेव्हाही ठाम होतो आणि आजही आहे. शिवाय तेलगाव ते दिंद्रुड या पट्ट्यात कुणाला बालीला जायचं असेल, तर काय बघायचं आणि काय खायचं हे विचारायला माणूस माझ्याच कृषी सेवा केंद्रात येतो, एवढं ध्यानात ठेवून पुढं वाचा.

उतारा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. कुणाला बाधा झाली, की त्याच्यावरून भात, कुंकू, लिंबू, फुलं असं काहीबाही ओवाळून तिठ्यावर नेऊन ठेवतात. जो ओलांडेल त्याच्या अंगाला ती बाधा चिकटते. लहानपणी मी असा एक उतारा चेंडू समजून लाथाडला आणि तिसऱ्या दिवशी मला गोवर आला. (त्या आठवड्यात निम्म्या गावाला गोवर होता, असं डॉक्टर म्हणाले. पण डॉक्टर गावात नवीन होते.)

एरवी मी विज्ञानाचा माणूस. ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधून आलेल्या शेतकऱ्याला मी दुकानात उभं करून अर्धा तास झापतो. पण न मानणं वेगळं आणि ओलांडणं वेगळं. न मानायला काय, ते घरबसल्याही जमतं.

तर त्या हॉटेलच्या उंबऱ्यावर, बरोब्बर मधोमध, नारळाच्या पानांची तळहाताएवढी टोपली. तिच्यात लाल फूल, पिवळं फूल, शिजवलेला भात, वर एक बिस्कीट, आणि शेजारी उदबत्ती पेटलेली. आता तुम्हीच सांगा.

आमचा वाटाड्या वायान नावाचा हसरा गडी होता, हिंदी बरी बोलायचा. त्यानं समजावून सांगितलं, की हा देवाला नैवेद्य आहे, इथं घरोघरी रोज ठेवतात, दिवसातून दोन-तीनदा ठेवतात, बाजूनं खुशाल जा. मी दिंद्रुडच्या बंकटरावांच्या कानात म्हणालो, “ठिवनारा असंच म्हननार की.” बंकटराव दिंद्रुडला बियाण्याचं दुकान चालवतात आणि गेली वीस वर्षं माझे मित्र आणि शत्रू आहेत. ते म्हणाले, “आप्पा, मग तुमी थांबा, आमी येतोत जाऊन,” आणि खुशाल ओलांडून गेले. जाताना त्यांनी एकदा मुद्दाम मागं येऊन पुन्हा ओलांडलं.

सुनंदा पलीकडून म्हणाली, “अहो, बिस्कीट हाय त्यात. उताऱ्यात बिस्कीट कोन ठिवतं?”

“परदेशातला उतारा हाय तो. भाकरतुकडा कुठून आनतील हितं?”

“काल रातच्याला ह्याच दारातून आत आलोत ना आपुन?”

“काल दिसलं न्हाई. न दिसलेलं लागत न्हाई.”

हे वाक्य मी मोठ्या आत्मविश्वासानं बोललो. पुढं ते मला फार महागात पडलं.

आता इथं सुनंदाची बाजू सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल आप्पा स्वतःचंच सांगतोय. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तिला शब्द दिला होता, की तुला समुद्र दाखवतो. मग पेरणी आली. मग रब्बी आली. मग बोंडअळी आली. अशी सव्वीस वर्षं झाली. तिनं कधी तोंडानं आठवण करून दिली नाही. फक्त टीव्हीवर कुठंही समुद्र लागला की ती आवाज वाढवायची, बस्स. बालीचं ठरलं तेव्हा तिनं दोनच गोष्टी मागितल्या. एक, तिथला धुमसणारा ज्वालामुखीचा डोंगर. दुसरं, समुद्र. दोन्ही माझ्यासोबत. आणि समुद्र होता कुठं, तर हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडला की पलीकडं. दारात उभं राहिलं तरी लाटांचा आवाज यायचा. मधे फक्त एक बिस्कीट.

बस देवळं बघायला निघून गेली. सुनंदा माझ्यासाठी मागं राहिली. “मी थांबते,” एवढंच म्हणाली. गारपीट होण्याआधी आभाळ जसं शांत होतं तशी शांत होती ती.

मी काही हातावर हात धरून बसणारा नव्हे. म्हटलं, हॉटेलला काय एकच दार असतं? मागच्या दाराकडं गेलो, तिथं उतारा. तलावाकडं गेलो, काठावर उतारा. स्वयंपाकघरातून निसटावं म्हणून आत शिरलो, तर आचाऱ्यानं भल्यामोठ्या शेगडीशेजारी उतारा ठेवलेला आणि वर तो मला हात जोडून हसतोय. लिफ्टच्या दारात एक. स्वागतकक्षाच्या टेबलावर एक, कॉम्प्युटरला टेकवून. मला तर वाटायला लागलं, की सगळ्या इंडोनेशियाची बाधा काढून याच हॉटेलात आणून टाकतात.

शेवटी आमच्या खोलीची खिडकी उरली. खोली तळमजल्यावर. खाली बाग. माझं वजन सांगत नाही, पण दुकानात पोत्यांचा काटा आहे त्याच्यावरच मला मोजता येतं. सुनंदानं हात धरला, मी चौकटीतून एक पाय बाहेर काढला, मग दुसरा काढला, मग पोट काढलं (याला वेळ लागला), आणि खाली उडी घेतली. खाली एक दगडी देव होता. त्याला चौकड्याचं कापड नेसवलेलं, डोक्यावर छत्री धरलेली, आणि पुढ्यात... माझ्या पायाखाली ‘कुर्रकन्’ आवाज झाला.

ओलांडणं परवडलं. मी तर थेट त्याच्यातच उतरलो होतो.

खिडकीतून सुनंदानं विचारलं, “काय झालं?”

“बिस्कीट मोडलं,” मी म्हणालो.

तिनं डोक्याला हात लावला. पण मी ठाम होतो. उताऱ्यावर पाय पडला तर एकच उपाय, आपला उतारा काढायचा. आल्या खिडकीनं परत आत जाऊन मी स्वयंपाकघरातून मीठ-मिरची-लिंबू मागवलं. खाणाखुणा करून मागवलं. त्या भल्या माणसांनी मीठ, मिरची, लिंबू आणि आणखी कायकाय घालून दगडी रगड्यात वाटून, केळीच्या पानावर सजवून, झणझणीत ठेचा आणून दिला. त्याला तिकडं सांबाल म्हणतात. (शिफारस लिहून घ्या. सांबाल खायचाच. आमच्या हिरव्या ठेच्याचा चुलतभाऊ आहे, फक्त जरा जास्त शिकलेला.)

सुनंदानं तो ठेचा माझ्यावरून सात वेळा ओवाळला. तिच्या चेहऱ्यावर भक्तिभाव होता असं मी म्हणणार नाही. ती म्हणाली, “आता टाकू कुठं?” म्हटलं, तिठ्यावर. ती गेली, दारातून, सरळ. हॉटेलच्या कोपऱ्यावर तीन रस्ते मिळत होते. तिथं तिनं ते केळीचं पान ठेवलं. मी जिन्यानं वरच्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन बघत होतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई आली, नीटनेटकी साडीसारखं काहीतरी नेसलेली. तिनं माझ्या उताऱ्याकडं बघितलं, कौतुकानं मान हलवली, वाकून तो सरळ केला, वर एक चाफ्याचं फूल ठेवलं, पाणी शिंपडलं, हात जोडले, आणि सुनंदाच्या गालाला हात लावून निघून गेली.

माझी बाधा त्या बाईनं देवाला वाढली होती! आता ती देवाच्या नावावर चढली, परत कुणाच्या बापाला उतरवता येणार? सुनंदा वर बघून हसत होती. दिवसभरात पहिल्यांदा हसली ती, म्हणून मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी ज्वालामुखी. काहीही झालं तरी जायचंच, म्हणून मी डोकं चालवलं. झाडणारा माणूस साडेसातला येतो, जुनी टोपली उचलतो. फुलं घेऊन पोरगी येते ती दहा मिनिटांनी. म्हणजे दहा मिनिटं दार मोकळं! असा हिशोब लावून मी बूट बांधून, पिशवी गळ्यात अडकवून, धावपटूसारखा वाकून तयार. झाडू फिरला, मी सुटलो. बाहेर पडलो. एकोणचाळीस डीलरांनी बसमधून टाळ्या वाजवल्या. सुनंदानं खिडकीशेजारची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. मी विजयी मुद्रेनं बसच्या दाराशी गेलो, दांडी धरली, पाय उचलला.

बसच्या पायरीवर टोपली. फूल, भात, बिस्कीट. ड्रायव्हरनं प्रवास सुखाचा व्हावा म्हणून ठेवली होती.

मागं वळलो, तर पोरगी तेवढ्यात हॉटेलच्या दारात ताजी टोपली ठेवून गेलेली. फाटकाकडं पाहिलं, तिथं दोन. म्हणजे पुढं बिस्कीट, मागं बिस्कीट, बाजूला बिस्कीट, आणि मधे मी, पोर्चमध्ये.

बंकटराव खिडकीतून ओरडले, “आप्पा, कावून थांबलात? चढा की!”

सुनंदा बसच्या दाराशी आली, तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“येनार का न्हाई?” तिनं विचारलं.

“तू उतर खाली. आपुन रिक्षानं जाऊ.”

“रिक्षात पन असंल.”

मी पायरीवरच्या टोपलीकडं बघितलं. तिनंही बघितलं. मग म्हणाली, “मी येते जाऊन,” आणि आत गेली. खिडकीशेजारच्या जागेवर तिनं तिची पर्स ठेवली. बस गेली.

त्या दिवशी मी सकाळी पावणेआठपासून संध्याकाळपर्यंत पोर्चमधल्या वेताच्या खुर्चीत बसून होतो. एवढा वेळ मी वरातीच्या घोड्याची वाट बघतानाही बसलो नव्हतो. पण माझं म्हणणं असं, की बालीचं खाणं ज्यानं पोर्चमध्ये बसून खाल्लं त्यानंच खरं खाल्लं. चौकीदाराला माझी दया आली आणि तो एकेक ताट आणत राहिला. मांसमच्छी आमच्यात चालत नाही, हे मी हाताची फुली करून सांगितलं. मग आला फोडणीचा भात, त्याला तिकडं नासी गोरेंग म्हणतात. आमच्या घरी त्याला रात्रीचा उरलेला म्हणतात. मग उकडलेल्या भाज्या आणि त्यावर शेंगदाण्याची गोडसर आमटी. ही आमटी त्यांनी एकादशीच्या दिवशी आमच्याकडं येऊन शिकलेली दिसते. मग आलं टेंपे. टेंपे म्हणजे सोयाबीन! आख्खं सोयाबीन आंबवून त्याच्या वड्या तळतात. जन्मभर सोयाबीनचं बी विकलं, आमच्या भागानं जन्मभर सोयाबीन मोंढ्यात नेऊन घातलं, आणि ते असं चवीनं खातात हे मला समुद्रापार पोर्चमध्ये कळलं. मी चार ताटं खाल्ली. शेवटी सापाच्या कातडीसारख्या सालीचं एक फळ दिलं, ते सोलायला मी घाबरलो नाही, असं चौकीदार सांगेल.

आणि डोंगरही मी पाहिला. दुपारी उत्तरेला ढगाच्या वर एक निळं टोक दिसत होतं. (तो पण ढगच होता, असं बंकटराव म्हणतात. बंकटराव बसमध्ये झोपले होते, असं बाकीचे म्हणतात.)

संध्याकाळी बस परतली. सुनंदाच्या पायाला काळी राख, केस विस्कटलेले, चेहरा असा की मी तिला लग्नातही तसं पाहिलं नव्हतं. मी विचारलं, “कसा होता?”

“मोठा होता,” ती म्हणाली. मग पर्समधून रुमालात बांधलेलं एक केळं काढलं. तिथं जमिनीतून वाफ निघते, त्या वाफेवर लोक अंडी आणि केळी शिजवतात. अंडं आम्हाला चालत नाही. केळं तिनं अर्धं खाल्लं होतं, अर्धं माझ्यासाठी आणलं होतं.

ते मी उभ्यानंच खाल्लं. गार झालं होतं, मऊ झालं होतं, गोड लागलं. आणि पहिल्यांदाच मला वाटलं, की आपण गाढव आहोत. (हे वाक्य सुनंदाला दाखवू नये.)

रात्री दारातली टोपली झाडून नेली तेव्हा कुठं मी आत शिरलो. तिसरा दिवस परतीचा. दुपारी विमानतळाची बस. सकाळी मी बॅगा भरत होतो, आणि सुनंदा माझा गमछा घेऊन मागं येऊन उभी राहिली.

“खाली बसा.”

“कावून?”

“न दिसलेलं लागत न्हाई म्हनला व्हतात ना तुमी?”

मी काही बोलायच्या आत तिनं माझे डोळे गमछ्यानं करकचून बांधले. चारपदरी बांधले. माझं मनगट धरलं आणि निघाली. माझ्याच शास्त्रानं मला बांधलं होतं. “उजवा टाका. डावा टाका. आता मोठा टाका. आता दोन्ही पाय जोडा नि उडी मारा.” सप्तपदीला मी पुढं होतो आणि ती मागं, इथं ती पुढं आणि मी मागं, आणि पावलं सातापेक्षा लई जास्त झाली. बोळ गेला, दार गेलं, पायऱ्या गेल्या. मागं एकोणचाळीस डीलरांची वरात जमली हे मला खोकण्यांवरून कळत होतं. रस्त्यावर कुणीतरी गाड्या थांबवल्या. मग पायाखाली मऊ लागलं. वारा आला. आवाज एवढा मोठा झाला की तो दुसऱ्या कशाचा असूच शकत नव्हता.

सुनंदानं गाठ सोडली.

समोर समुद्र. सव्वीस वर्षांचा उधार शब्द, सगळा निळा, पार आभाळाला टेकलेला. पायाखाली काळीशार वाळू, आमच्या रानातल्या मातीसारखीच काळी. सुनंदा समुद्राकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. “दाखवला बघा समुद्र,” ती म्हणाली, जसं काही शब्द तिनंच दिला होता.

मला भरून आलं. काहीतरी बोलावं म्हणून मान खाली घातली. आणि माझ्या बुटाच्या टाचेशी, वाळूत, टोपली. फूल. भात. बिस्कीट.

मागं बिस्कीट, बिस्किटामागं एकोणचाळीस डीलर, पुढं समुद्र. मी समुद्र निवडला. बुटासकट, पँटसकट, खिशातल्या पासपोर्टसकट मी कंबरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो, दोन्ही हात वर करून. एक लाट तोंडावर आली. मागं वळून बघितलं, तर सुनंदा वाळूत बसून पोट धरून हसत होती, आणि मग तशीच उठली, साडी जराशी उचलली, त्या टोपलीला वळसा घातला आणि माझ्या शेजारी पाण्यात येऊन उभी राहिली. बंकटरावांनी तेव्हा फोटो काढला.

तो फोटो आता माझ्या दुकानात, दोन औषधांच्या जाहिरातींच्या मधे, फ्रेम करून लावलाय. ओला पासपोर्ट बघून विमानतळावर काय झालं ते मी सांगणार नाही. फोटोत ते दिसत नाही. फोटोत दिसतो तो मी, हात वर करून समुद्रात घुसलेला, आणि बघणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, आप्पा, लई मजा केलीत! त्या फोटोमुळंच लोक मला सल्ला विचारतात. मी देतो. का देऊ नये? दारं बघितलेली आहेत, ताटं खाल्लेली आहेत, ज्वालामुखीत शिजलेलं केळं पोटात गेलेलं आहे. आणि ज्याला ज्वालामुखीचं लईच कौतुक आहे त्याला मी आणखी सांगतो, की आपला मराठवाडाच मुळी थंड झालेला लाव्हा आहे, आपली काळी माती त्याच दगडाची झिजून झालेली. म्हणजे मी ज्वालामुखीवरच जन्मलो, मला काय तो दुसरा बघायला जायची गरज?

परवा माझा पुतण्या महेश आला, लग्न होऊन महिना झालाय, दोघं बालीला निघालीत. त्याची बायको नेकनूरची, चुणचुणीत पोर, वही घेऊन बसली. मी तासभर सांगितलं: टेंपे खा, शेंगदाण्याची आमटी खा, सांबाल बेतानं खा, पोर्च असलेलं हॉटेल घ्या, डोंगर उत्तरेला बघा. तिनं सगळं लिहून घेतलं. मग भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. सुनंदा तेवढ्यात दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आली होती.

“काका पार बूट घालून आत गेलते की! एवढी हिंमत?” पोर म्हणाली.

मी छाती पुढं काढली. म्हटलं, “मराठवाड्याचा मानूस हाय पोरी. समुद्रासमोर मागं सरत नसतो.”

सुनंदानं कप तिच्या पुढ्यात ठेवला, बशीतलं बिस्कीट नीट केलं आणि म्हणाली,

“मागं बिस्कीट होतं.”